हेरॉनचं नाक

रस बीमनने गाडीचा वायपर उचलला, त्याखाली एक रंगीत छापील कागद सरकवला आणि वायपर सोडून दिला. कागद काचेवर चापून बसला. मग तो चार पावलं मागे आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला,

"या, बघा. आपल्या कंपनीने जानेवारीच्या प्रदर्शनासाठी काय वाढून ठेवलंय ते बघा."

ऑक्टोबर संपत आलेला, शनिवारची सकाळ. डोनटच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत पंधरा-सोळा जुन्या गाड्या उभ्या होत्या, सगळ्या लॅनहॅम कंपनीच्या. आणखी दोन-तीन आठवड्यांनी रस्त्यांवर बर्फ वितळवणारं, पत्रा गंजवणारं मीठ पडायला लागलं की त्या एप्रिलपर्यंत गॅरेजमधून बाहेर निघायच्या नाहीत. त्यामुळे आज जरा जास्तच माणसं जमली होती. हातात गरम कॉफी घेऊन ती रसच्या निळ्या सहासष्टच्या मॉडेलभोवती गोळा झाली.

कागदावर लॅनहॅमच्या नव्या कन्सेप्टचा फोटो होता. विकायला नव्हे, प्रदर्शनात मिरवायला केलेली एकुलती एक गाडी. फोटो कुणीतरी कंपनीतून चोरून बाहेर काढलेला, थोडा हललेला. पण समोरचं तोंड स्पष्ट दिसत होतं.

"हे तोंड आहे की गॅरेजचं दार?" ओटिस ग्रिग्ज म्हणाला. पत्रे दाबायच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. गाडीच्या अंगावरून कुणी काही बोललं की पहिला शब्द त्याचा.

"मासा आहे मासा," रस म्हणाला. "गळाला लागलेला."

"मग श्वास तरी घेऊ दे बिचाऱ्याला."

"श्वास कशाला लागतो? बॅटरीवर चालणार आहे ही. आत रेडिएटर नाही, काही नाही. मग एवढी मोठी जाळी कुणासाठी?"

"पुढच्या गाडीवाल्यासाठी. आरशात हे थोबाड दिसलं की माणूस मुकाट्याने बाजूला होतो."

लोक हसले. कुणी दिव्यांना नावं ठेवली, झोप न झालेल्या माणसाचे डोळे म्हणून. कुणी म्हणालं, हल्ली सगळ्यांच्याच गाड्या रागावलेल्या असतात, कुणावर ते कळत नाही.

थॅड मालिनोव्स्की आपल्या घडीच्या खुर्चीत बसून ऐकत होता. सगळ्यांत म्हातारा तोच, सत्त्याहत्तरचा. त्याच्याकडे जुनी गाडी नव्हती. साधी करडी गाडी घेऊन तो यायचा, ती लांब लावायचा आणि खुर्ची उघडून रसच्या गाडीशेजारी बसायचा. लॅनहॅमच्या स्टुडिओत त्याने तीस वर्षं मातीकाम केलं होतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. डिझायनर कागदावर काढतो ती गाडी भट्टीत गरम केलेल्या तपकिरी, मेणचट मातीत प्रत्यक्ष उभी करायची, खरवडून, घासून, पूर्ण मापाची. ते काम करणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर लागत नाहीत. थॅडचंही कधी लागलं नव्हतं.

"आणि हेच लोक," रस म्हणाला, "हेच लोक एकेकाळी हेरॉन करत होते."

ओटिसने थॅडकडे पाहून डोळा मिचकावला. आता दहा मिनिटं सुटका नव्हती.

"बाहत्तर साली मी नऊ वर्षांचा होतो. बाबा मला डेट्रॉइटला प्रदर्शनाला घेऊन गेले. बाबा म्हणजे काय माणूस ते तुम्हाला माहीत नाही. ओतशाळेत दिवसभर भट्टीपुढे उभे राहायचे, घरी आल्यावर जेवायचे आणि पेपर तोंडापुढे धरायचे. मी त्यांना हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी हेरॉनच्या त्या फिरत्या चौथऱ्यापुढे आलो ना आम्ही, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. चर्चमध्ये काढतात तशी." रसने हवेत हात पुढे नेला, हळूच खाली कलवला. "आणि तिचं ते नाक. हेरॉन म्हणजे बगळाच, तो पाण्यात चोच घालताना दिसतो ना, तसं. जाळी नाही, क्रोम नाही, ओठ नाही. कुठे काही चिकटवलेलं नाही. ती काढणारा लिंडग्रेन काय माणूस असेल."

तो उतार थॅडच्या तळहाताला पाठ होता. इथे यायला लागल्यापासूनच्या चौदा वर्षांत त्याने हे वर्णन कितीदा ऐकलं होतं. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. मग वाटायचं, पुढच्या शनिवारी. त्याची बायको आयरीन होती तोवर ती घरी विचारायची, सांगितलंस का रे त्याला? ती गेल्यावर विचारणारंही कुणी उरलं नव्हतं.

"पण या वेळी मी नुसतं पत्र लिहून थांबलो नाही," रस म्हणाला. जुन्या लॅनहॅमवाल्यांच्या मंडळाचा चिटणीस तोच; पूर्वी शाळेत मास्तर होता. चार हजार सह्या गोळा करून त्याने कंपनीला पत्र धाडलं होतं, हेरॉनचा मूळ चेहरा परत आणा म्हणून. "सोबत पुरावा पाठवला. बाबांची रिळं."

"कुठली रिळं?" थॅडने विचारलं.

"आठ मिलिमीटरची. बाबांकडे कॅमेरा होता, तोच एक शौक. प्रोजेक्टर मी शाळेत असतानाच जळाला, तेव्हापासून खोका माळ्यावर. एका रिळावर त्यांच्या हाताने लिहिलंय, 'मोटार शो, बाहत्तर.' महिना झाला, दिला कंपनीच्या संग्रहाकडे पाठवून. म्हटलं, तुमच्या पोरांना एकदा खरा चेहरा दाखवा, मग काढा म्हणावं चित्रं."

"तू पाहिलंस ते?"

"कशावर पाहणार? सांगितलं ना, प्रोजेक्टर जळाला. आता ते कॉम्प्युटरवर चढवून नक्कल देणार आहेत मला."

थॅडने हातातला कागदी कप खुर्चीच्या पायाशी खाली ठेवला.

"काय रे, गार झाली?" ओटिस म्हणाला. "दुसरी आणू?"

"नको," थॅड म्हणाला.

त्याच सुमाराला एक बाई आली. तिशी ओलांडलेली, काळे केस मागे बांधलेले, अंगात जाड कोट. ती गाड्यांच्या रांगेतून सावकाश येत होती. एका हिरव्या गाडीपाशी ती थांबली, मालकाकडे पाहून मानेनेच विचारलं आणि पुढच्या चाकावरच्या फुगवट्यावरून तळहात फिरवला. हात फिरवताना तिने नजर दुसरीकडे वळवली होती. थॅडने ते पाहिलं आणि तो सावरून बसला. पत्र्याचं वळण डोळ्यांना फसवतं, हाताला फसवत नाही; ते पाहायचं तर डोळे दुसरीकडे न्यावे लागतात. हे मातीत काम केलेल्या माणसालाच कळतं.

ती घोळक्याशी आली तेव्हा ओटिसने तिलाही सोडलं नाही.

"या बाई, तुमचंही मत पडू दे. कसं वाटतं तोंड?"

तिने काचेवरच्या कागदाकडे पाहिलं. "जाळी जरा मोठी आहे," ती म्हणाली.

"जरा?" रस म्हणाला. "बाई, त्यात माझा कुत्रा झोपेल. ज्याने कुणी हे काढलं, त्याला मी एकच विचारीन. तू कधी हेरॉनपुढे उभा राहिलायस का? पाच मिनिटं तरी?"

तिने मान डोलावली, हो की नाही ते कळू नये अशी. मग ती वळली आणि थॅडच्या खुर्चीपाशी येऊन जराशी वाकली.

"मिस्टर मालिनोव्स्की ना? माझं नाव हाला बझ्झी. पाच मिनिटं बोलायचं होतं. तिकडे, माझ्या गाडीपाशी."

थॅड खुर्चीच्या दांड्यावर भार देऊन उठला. ती त्याच्या चालीने हळू चालली. घोळक्यापासून पुरेसं लांब आल्यावर ती म्हणाली,

"मी लॅनहॅमच्या डिझाइनमध्ये आहे. ते काचेवर लावलंय ते माझं काम."

"अरेरे," थॅड म्हणाला.

"असू द्या. माझी आईही गॅरेजचं दारच म्हणाली." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "तुम्ही त्र्याण्णव साली हेरॉनचं पुढचं अंग नव्याने केलंत. कुठेच लिहिलेलं नाही ते. म्युझियमच्या फाटकावरच्या नोंदवहीत तुमचं नाव सापडलं, रोज सकाळी सात वाजता, अकरा आठवडे. आम्ही उन्हाळ्यात तिथे जाऊन हेरॉनचं लेसरने माप घेतलं. मग मागच्या महिन्यात ही फिल्म आली."

तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर पुठ्ठ्याचा खोका होता. त्यावर रसचं मास्तरी, ठसठशीत अक्षर.

"जुळत नाही," थॅड म्हणाला.

ती विचारायला आली होती. तोच आधी बोलेल असं तिला वाटलं नसावं.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं टोक पाऊण इंच खाली आहे. दिवे थोडे लांब गेलेत. आणि ओठ—"

"ओठ नाही."

तो गाडीला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं आता सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

बाहत्तरच्या हेरॉनला ओठ होता. नाकाच्या टोकाखाली क्रोमचा जाड पट्टा, खालचा ओठ रुसून पुढे काढावा तसा. मुख्य डिझायनर व्हिक्टर लिंडग्रेनचा तो हट्ट. थॅड तेव्हा सव्वीस वर्षांचा, हॅमट्रॅमिकहून बसने येणारा पोरगा. नाकाची माती त्याच्या हाताखाली होती. ओठ नसलेलं नाक त्याने एकदा संध्याकाळी, सगळे गेल्यावर करून पाहिलं होतं. सकाळी लिंडग्रेन आला, त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि काही न बोलता अंगठ्याने मातीत रेघ ओढली. इथे ओठ. प्रदर्शनात लोक हसले. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. हेरॉन कंपनीच्या एका गोदामात गेली आणि एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने गोदामाचं छत तिच्या तोंडावर बसलं.

पुढे एका लहानशा म्युझियमने ती मागितली तेव्हा नाकाचा भुगा उरला होता. नकाशे हरवलेले. फोटो तीन, तेही काळे-पांढरे, बाजूने काढलेले. थॅडला बोलावलं, कारण त्या नाकाच्या मातीत काम केलेला दुसरा कारागीर उरला नव्हता.

"मी ओठ करायला घेतला होता," तो हालाला म्हणाला. "खोटं नाही सांगत. दोनदा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी एकटाच होतो मी तिथे. खरवडणी हातात होती. म्हटलं, आता कोण बघतंय."

"आणि लिंडग्रेन?"

"आले होते शेवटी. काठी घेऊन. ऐंशीचे झाले होते. गाडीपुढे उभे राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता अंगठा पुढे येतो. मग म्हणाले, 'हो, असंच होतं.' आणि निघताना माझ्यासाठी दार धरून उभे राहिले. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली मी, त्या माणसाने कधी कुणासाठी दार धरलं नव्हतं."

"त्यांना कळलं होतं?"

"मला कधी कळलं नाही, त्यांना कळलं होतं की नाही. चार महिन्यांनी ते गेले. त्यानंतर जे काही छापलं गेलं, फोटो, कॅलेंडरं, रसच्या भिंतीवरचं ते मोठं चित्र, सगळं म्युझियमातल्या गाडीवरून. जुनी गाडी पाहिलेले लोक म्हातारे झाले, विसरले. लोक म्हणायला लागले, काय काम होतं तेव्हाचं. मी ऐकत बसायचो."

हालाने कोटाच्या खिशात हात घातले. वारा सुटला होता.

"मंगळवारी मीटिंग आहे," ती म्हणाली. "माझं काम बाजूला ठेवायचं आणि हेरॉनचा मूळ चेहरा जसाच्या तसा घ्यायचा, असं वरच्यांनी ठरवत आणलंय. त्या सह्यांमुळे. मूळ कुठला, ते मला तिथे सांगावं लागेल. पण हा खोका आज बीमनसाहेबांना परत द्यायचाय, सोबत नक्कल. घरी गेल्या गेल्या बघतील ते. म्हटलं, त्याआधी तुमच्या कानावर घालावं."

"मी तोंड फिरवलं असतं तर?"

"तर खोका पोस्टाने पाठवला असता. दोन दिवस मिळाले असते तुम्हाला. फिल्ममधलं नाक काही मला बदलता येणार नाही."

थॅडने तिच्या हातांकडे पाहिलं. "तुझ्या गाडीला माती कोण लावतं?"

"आता यंत्रच कापतं बरंचसं. शेवटचा हात मी फिरवते. मला कोणी लावू देत नव्हतं, भांडून घेतलं."

"बरं केलंस." तो सरळ झाला. "मंगळवारी सांग सगळं. माझं नाव घेऊन सांग. आत्ता मला दहा मिनिटं दे, मग तो खोका घेऊन आत दुकानात ये."

तो एकटाच परत आला. रस बॉनेटवर पडलेली मेपलची पानं एकेक करून उचलत होता, पत्र्यावर ओरखडा पडू नये म्हणून.

"कोण रे ती?" रसने विचारलं. "ओळखीची?"

"रस, मला तुला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस. बोललास तर राहून जाईल."

थॅडने त्याला सगळं सांगितलं. गोदामाचं छत, तीन फोटो, दोनदा केलेला ओठ, तिसऱ्या दिवसाची सकाळ. लिंडग्रेनचंही सांगितलं. सांगताना त्याने रसकडे पाहिलं नाही, निळ्या बॉनेटकडे पाहिलं. बोलणं संपलं तेव्हा रसच्या मुठीत पानं तशीच होती.

"चौदा वर्षं," रस म्हणाला.

"हो."

"दर शनिवारी तू इथे खुर्ची टाकून बसायचास. मी येड्यासारखा हात हलवून सांगायचो आणि तू ऐकून घ्यायचास."

"हो."

"मजा वाटायची?"

"बरं वाटायचं," थॅड म्हणाला. "माझ्या कामाला दुसऱ्या कुणी कधी बरं म्हटलं नाही, रस. तू म्हणायचास. माझं आहे हे तुला माहीत नव्हतं, म्हणून खरंच वाटायचं ते."

रसने पानं खाली टाकली. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही. मुलांवर न ओरडता वर्ग शांत करणाऱ्या मास्तरांचा तो आवाज होता.

"मी होतो तिथे. नऊ वर्षांचा होतो, आंधळा नव्हतो. ओठ नव्हता. मला आठवतंय. बाबांनी टोपी काढली, मी त्यांच्या शेजारी होतो, आणि ओठ नव्हता. तुला विसर पडला असेल. म्हातारा झालायस तू."

"असेल," थॅड म्हणाला. "ती बाई कंपनीतून आलीय. तुझ्या बाबांची फिल्म घेऊन. चल, बघू."

दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर हालाने लॅपटॉप उघडला. खोका तिने आधी दोन्ही हातांनी रसपुढे ठेवला. रसने झाकण उघडून रिळं मोजल्यासारखी बोटाने चाचपली आणि झाकण लावलं. ओटिस काय चाललंय ते न कळून चार कप घेऊन आला आणि कुणी हाकललं नाही म्हणून बसला.

"ते चित्र तुमचं?" रसने हालाकडे न पाहता विचारलं. "काचेवरचं?"

"हो."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तुमचं बोलून झालं नव्हतं."

ओटिस खोकला. रसने कप बाजूला सारला. "मोठंच आहे ते तोंड," तो म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटलं म्हणून मी ते लहान आहे म्हणणार नाही."

"नका म्हणू. दोन इंच कमी करायचं माझ्याही मनात आहे. करू दिलं तर."

तिने बटण दाबलं.

फिल्मला आवाज नव्हता. रंग उडून सगळं विटकरी झालं होतं. आधी माणसांच्या पाठी, टोप्या, एका बाईची पांढरी पर्स. मग कॅमेरा वर उचलला गेला, गर्दीच्या डोक्यांवरून पुढे आला, आणि चौथरा फिरत असताना हेरॉनचं तोंड हळूहळू समोर आलं. टोकाखाली क्रोमचा ओठ होता. जाड, चकचकीत, पुढे काढलेला. त्यात छतावरचे दिवे एका ओळीत वाकून दिसत होते.

ओटिसने वळून थॅडकडे पाहिलं.

पडद्यावर दोन पोरसवदा माणसं ओठाकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होती. एका बाईने तोंडावर हात धरला होता. मग खालून, चौकटीच्या कडेने, एक मुलगा आत आला. आखूड कोट, कानटोपी, एक दात पडलेला. तो गाडीपुढच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला, बराच वेळ गाडीकडे टक लावून पाहत राहिला आणि एकदम कॅमेऱ्याकडे वळला. त्याने डोळे तिरळे केले, हनुवटी पुढे काढली आणि खालचा ओठ जितका बाहेर येईल तितका बाहेर काढला. हुबेहूब. मागे तीच गाडी, पुढे तेच तोंड.

चित्र थरथरलं. मुलगा वर गेला, खाली आला, अर्धा चौकटीबाहेर गेला. मधेच गालिचा दिसला, कुणाचे तरी काळे बूट दिसले, मग पुन्हा मुलगा, आता दोन्ही हातांनी गाल ताणून. चित्र आणखीच हलायला लागलं. मग पांढरं झालं आणि संपलं.

गल्ल्यापाशी कुणीतरी डझनभर डोनट बांधून मागत होतं.

"पुन्हा लावा," रस म्हणाला.

हालाने पुन्हा लावली. या वेळी ओठ समोर आला तेव्हा रसने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पुढे झुकला आणि मुलगा आत येण्याची वाट पाहत राहिला.

"धक्का लागला वाटतं कुणाचा," ओटिस हळूच म्हणाला. "केवढा हलतोय कॅमेरा."

"धक्का नाही लागलेला," रस म्हणाला.

"मग?"

रसने चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. पुसताना कुणी पाहू नये म्हणून तो वळलाही नाही.

"हसताहेत ते," तो म्हणाला. "कॅमेरा धरवत नाहीये त्यांना."

ओटिसने मान खाली घातली. हालाचा हात बटणावर तसाच थांबला होता. रसने आपणच बोट पुढे करून ते दाबलं, आणि पाठी, टोप्या, पांढरी पर्स पुन्हा सरकायला लागल्या. थॅडने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. गाडी वळली, दिव्यांची ओळ ओठावरून वाकून गेली, आणि एकावन्न वर्षांनी थॅडला दिसलं, ती ओळ कुठे जाऊन थांबते आणि लिंडग्रेनला ओठ का हवा होता ते. मातीवर ते दिसलं नव्हतं. मातीला चकाकी नसते.

"थॅड," रस पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "ठेवायला हवा होतास तू तो ओठ."

"हो," थॅड म्हणाला.